सवयीचा घोडा

तो व्हिडिओ आता मला कृपा करून कुणी पाठवू नये. सोळा जणांनी पाठवून झाला आहे. तिघांनी खाली हसणारे चेहरे टाकलेत, एकाने हात जोडलेत. ते घोड्याला की नवरदेवाला, कळलं नाही. शेवटी डाव्या कोपऱ्यातून बादली घेऊन धावत येणारा टकला इसम दिसतो, तो मीच. बादली हळद कालवायची होती, म्हणून पिवळी. तिच्या रंगावरून चाललेले विनोद थांबवावेत, ही दुसरी विनंती.

वरातीतला घोडा भर रस्त्यात का बसला, यावर सुरगाण्याच्या बाजारात दोन दिवस खल झाला. नजर लागली म्हणे. नाल निसटला म्हणे. नवरदेवाचं वजन हा विषयही निघाला, पण मुलीकडच्यांनी तो लगेच दाबला. परंपरा, हौस, ‘एकच तर दिवस’ आणि ‘तुम्ही कोंबडी खाता ना?’ ही नेहमीची मंडळी हजेरी लावून गेली. माझ्या डोक्यात मात्र एकच वाक्य घुमतंय. घोडा उन्हात उभा होता तेव्हा ते ऐकलं, गुडघे मोडून बसला तेव्हा ऐकलं, आणि शेपटी पिरगाळून उठवला तेव्हाही ऐकलं. ‘काही नाही हो, त्याला सवय असते.’

हे म्हणणारे लोक दगडाच्या काळजाचे असते तर मी लिहायला बसलोच नसतो. आदल्याच शनिवारी मी त्यांना रडताना पाहिलं होतं.

माझा भाचा आश्रमशाळेत शिकवतो. सुट्टी लागायच्या आधी त्याने मुलांना सिनेमा दाखवला. सभागृहात पडद्याच्या जागी धुतलेली चादर, खिडक्यांना पोती. सिनेमा होता ‘स्पिरिट’, ड्रीमवर्क्सचा, 2002 सालचा. रानात वाढलेला घोडा, त्याला धरून नेणारं अमेरिकन लष्कर आणि लाकोटा जमातीचा एक तरुण. सिनेमा इंग्रजीत होता, भाचा मधूनमधून मराठीत सांगत होता. फार सांगावं लागलं नाही, कारण त्यातले घोडे बोलत नाहीत. निवेदन घोड्याच्या मनातलं आहे, पण तोंड उघडून तो खिंकाळतोच. कार्टूनमधल्या बोलक्या जनावरांचा मला जुना राग आहे, त्यामुळे इथेच माझे निम्मे गुण देऊन झाले. चित्रं काढणाऱ्यांसमोर डॉनर नावाचा खराखुरा मस्टँग नमुना म्हणून होता. घोडा कान कसा पाडतो, नाकपुडी कधी फुगवतो, हे त्यांनी बघून काढलंय. मस्टँग हा शब्दही मजेशीर आहे. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ भटकं, बिनमालकाचं जनावर. आपल्याकडे ज्याला मोकाट म्हणून कोंडवाड्यात घालतात, त्याच्यावर तिकडे सिनेमा निघतो.

लष्कराचा न्हावी आयाळ कापायला येतो आणि घोडा त्याची दाणादाण उडवतो, तेव्हा मुलं आडवी होऊन हसली. सगळ्यांची डोकी नुकतीच, एकाच मशीनने, एकाच मापात उतरवलेली होती. मग तो प्रसंग आला. कर्नल फर्मावतो, खांबाला बांधा, तीन दिवस दाणा नाही, पाणी नाही. सभागृह गप्प झालं. दुसऱ्या रांगेतून एक पोरगा भाच्याला म्हणाला, ‘गुरुजी, तेला पानी कोन देल?’

मागे खुर्च्यांवर निमंत्रित बसले होते. हातात कागदी कपातला चहा. (कागदी कपातला चहा हा चहा नसतो, तो भिजलेला कागद असतो, हे मी या स्तंभात पूर्वीही लिहिलंय आणि पुन्हा लिहीन.) त्यातल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. आप्पांनी चष्मा काढून पुसला. आप्पा म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ. बुधवारच्या लग्नात ते मुलाकडून होते.

बुधवारी मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. वैशाख. सावली बुटाखाली जमा झालेली. घोडा साडेदहापासून उभा. अंगावर मखमल, कपाळावर आरसे, कानांवर जरीची टोपी. ती टोपी उचलून बघा म्हणजे काय ते कळेल. कान मागे मानेला चिकटलेले होते, सिनेमातल्या खांबाजवळच्या घोड्याचे होते तसेच. घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्र फिरतो आणि माणसाला ऐकू न येणारे वरचे आवाजही त्याला ऐकू येतात. अशा कानांपासून चार हातांवर डीजेची भिंत उभी होती. माझ्या बरगड्या थरथरत होत्या आणि मी माणूस आहे, शिवाय एका कानाने कमी ऐकतो.

मी म्हटलं, जरा मागे घ्या त्याला. उत्तर आलं, त्याला सवय असते.

बरं. मग मी डीजेवाल्याकडे गेलो. सीझनभर त्या भिंतीजवळ बसणारा माणूस. सवय कुणाला असेल तर त्याला. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

सवय असलेल्या घोड्याच्या तोंडात काटेरी लगाम कशाला, हाही माझा अडाणी प्रश्न आहे. ज्याला सवय झाली त्याला काटा लागत नाही, आणि ज्याला काटा लागतो त्याला सवय झालेली नाही; दोन्ही एकाच तोंडात कसं बसतं? ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. काटेरी लगाम त्यांत मना आहे. पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावराला कामाला जुंपू नये, असंही त्यांत लिहिलंय. म्हणजे आपला गोरजाचा सोडून बहुतेक मुहूर्त बेकायदा. पण घाबरू नका. छळ सिद्ध झालाच तर 1960 च्या कायद्याप्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. वरातीत ओवाळून टाकलेल्या नोटांतली एक उचलली तरी भागेल.

सवयीबद्दलच सांगायचं तर, अमेरिकेत सेलिगमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1967 च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की काहीही केलं तरी सुटका नाही. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे एक बुटकी फळी ओलांडली की सुटका. बरीच कुत्री फळीकडे गेलीच नाहीत. जागीच पडून राहिली, कण्हत. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटलं असतं? किती शांत कुत्री! सवय झालेली दिसते.

तर घोडा उभा आहे म्हणजे त्याला चालतंय, असा हा हिशेब. मग सिनेमातल्या घोड्याला आपण टाळ्या का वाजवल्या? तो एकेका शिपायाला खाली फेकत होता म्हणून. फेकलं नसतं तर तोही सवयीचाच ठरला असता आणि सिनेमा दहा मिनिटांत संपला असता.

हे वाक्य सुरगाण्यात ऐकू यावं, याने मी जास्त चिडलो. घोड्यांच्या आधीपासून ते इथल्या माणसांबद्दल बोललं जातंय. या तालुक्यात पावसाळ्यात छत्री उघडी ठेवायला जागा मिळत नाही इतका पाऊस पडतो. नार-पार नद्यांचं पाणी उतरून पश्चिमेला, गुजरातेत निघून जातं. आणि चैत्र लागला की बाया डोक्यावर दोन हंडे, कमरेवर एक घेऊन डोंगर चढतात. मागे एक साहेब मला गाडीतून नेताना म्हणाले, ‘आपल्याला बघवत नाही, पण त्यांना सवय असते.’ साहेबांच्या मांडीवर बाटलीबंद पाणी होतं. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर इथली माणसं पहाटेच्या थंडीत ताडपत्रीखाली निजतात; त्यांना थंडीची सवय असते. मार्च 2018 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून निघून सहा दिवसांनी मुंबईत पोचला. त्यात सुरगाण्याची माणसं ढिगाने होती. तळव्यांची सालं निघालेले फोटो सगळ्या देशाने पाहिले. माझ्या नाशिकच्या शेजाऱ्यांनी त्यातला एक फोटो दाखवत सांगितलं, ‘त्यांना चालायची सवय असते.’ त्या माणसांनी मुंबईत शेवटची मजल रात्रीतून मारली, दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून. दुसऱ्याची अडचण बघायची सवय मात्र शेजाऱ्यांना नव्हती.

आणि आता त्याच तालुक्यातले आप्पा घोड्याबद्दल तेच बोलतात. वरून आलेलं वाक्य एक पायरी खाली सरकवून दिलं, की आपलं ओझं हलकं होतं बहुधा.

घोडा ही इकडच्या लग्नाला परकी वस्तू आहे असंही नाही. वारली घरात लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवी आणि शेजारी घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव असतो, पाच डोक्यांचा. तांदळाच्या पिठातला तो घोडा भिंतीवर असतो आणि त्याच्यापुढे कुणी डीजे लावत नाही. खऱ्या नवरदेवाला माणसं खांद्यावर घेऊन नाचवायची. खांद्याची सोय अशी की खालचा माणूस म्हणू शकतो, ‘उतर बाबा, दमलो.’

घोडेवाल्यावर मी शब्द खर्च करणार नाही. तोही सकाळपासून उपाशी होता. जेवणाच्या पंगतीत त्याला कुणी बोलावलं नाही. पोटाचं कारण खरं असतं. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा खरा अवघड प्रश्न तोच होता: माणसांनी काय करायचं आणि घोड्यांनी जायचं कुठे? पुढे बॅटरीच्या बग्ग्या आल्या. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, बुधवारीही नव्हतं. शिवाय आमच्या बैठकीत एक फोटो आहे. फेटा, मुंडावळ्या आणि खाली पांढरा घोडा. मी तेव्हा सडपातळ होतो असं सगळे म्हणतात. घोड्याकडे कुणी बघत नाही. मीही परवा पहिल्यांदा बघितलं. त्याचे कान त्या फोटोत टोपीखालीच आहेत.

तर बादली. घोडा बसला, नवरदेवाला खेचून उतरवला, सगळ्यांनी मोबाईल वर केले. मला त्या पोराचा प्रश्न आठवला आणि मी मांडवामागे पळालो. हाताला लागली ती हळदीची बादली, आचाऱ्याच्या पिंपातून भरली. घोड्याने आधी नाक मागे घेतलं, मग ओठ बुडवले आणि असं प्यायला की बादलीच्या तळाचा खरखर आवाज येईपर्यंत मान वर केली नाही. मखमलीखाली त्याचं कातडं पाण्यावर वाऱ्याने तरंग उठावा तसं थरथरत होतं.

दुसरी बादली आणायला वळलो तर समोर आप्पा. एका हातात कागदी कप, दुसरा माझ्या खांद्यावर. आवाजात खरी काळजी.

‘एक बास झाली,’ ते म्हणाले. ‘उगाच सवय लागते.’