चुका मोजणाऱ्यांनो, उभे राहा!

'संत तुकाराम' पाहून काय वाटलं ते लिहून आणा, एवढंच सांगितलं होतं. तुम्ही काय आणलंत? 'विमान खोटं वाटतं.' 'मागचा पडदा रंगवलेला आहे हे कळतं.' 'फार संथ आहे, दीडपट वेगानं बघायला हवा.' 'सालोमालो ओव्हरॅक्टिंग करतो.' एकानं तर कमालच केली. कुठल्याशा व्हिडिओतून हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांतल्या चुकांची यादी उतरवली आणि खाली शेरा मारला, 'क्लासिक म्हणतात त्यांनाही साध्या गोष्टी जमत नव्हत्या.' ज्यांनी ज्यांनी असं लिहिलंय त्यांनी उभं राहायचं. आणि माझं बोलणं संपेपर्यंत बसायचं नाही.

आधी यादीवाला. हिचकॉकच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये उपाहारगृहात गोळी सुटते, पण मागे बसलेला एक पोरगा त्याआधीच कानात बोटं घालतो. बरोबर आहे, घालतो. चित्रपट 1959 चा आहे, तेव्हापासून लोक त्या पोराकडे बोट दाखवताहेत. आता मला सांग, तू तो चित्रपट पाहिलास का? नाही पाहिलास. त्यात एक माणूस भर दुपारी मोकळ्या माळावर एकटा उभा असतो. लांबून फवारणीचं विमान येतं आणि त्याच्या मागे लागतं. लपायला झाड नाही, भिंत नाही, कितीतरी वेळ संगीतसुद्धा नाही. भीती म्हणजे काळोख आणि करकरणारं दार, असं धरून चालणाऱ्या लोकांना हिचकॉकनं लख्ख उन्हात घाम फोडला. हे तुला माहीत नाही. तुला फक्त कानात बोटं घालणारा पोरगा माहीत आहे, आणि तोही दुसऱ्यानं दाखवला म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला, याला परीक्षण म्हणत नाहीत.

आता सालोमालो. हे वाक्य चौघांनी लिहिलंय, म्हणजे एकानं लिहिलं आणि तिघांनी उतरवलं. अरे, चित्रपट सुरू होतो कसा, ते कुणी बघितलं का? तुकाराम डोळे मिटून अभंग गातो. हातवारे नाहीत, मान हलवणं नाही, तानबाजी नाही. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस नुसते बसलेत आणि गाताहेत. त्याला लागूनच देवळात सालोमालो तोच अभंग गातो, स्वतःच्या नावावर खपवतो, आणि गाताना अंगविक्षेप करतो, लोकांकडे बघतो, दाद मागतो. शब्द तेच आहेत. एक माणूस देवासाठी गातोय आणि दुसरा लोकांसाठी. भक्ती कशी असते आणि तिचं सोंग कसं असतं, हे दिग्दर्शकांनी एका शब्दाचंही भाषण न करता पहिल्या काही मिनिटांत तुमच्यापुढे ठेवलं. सालोमालोचं ते 'ओव्हरॅक्टिंग' हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे! तुम्ही प्राणालाच चूक म्हणून लाल रेघ मारलीत. गुण कशाला म्हणतात हे ज्याला कळलं नाही, त्यानं दोष काढायला बसू नये.

हे दिग्दर्शक कोण, हे तरी विचारलंत का? कागदांच्या त्या गठ्ठ्यात एकानंही नाव लिहिलेलं नाही. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. यातले दामले आपल्या पेणचे. आपल्या वरसे गावातून रोह्याला जायचं आणि तिथून गाडी धरायची की पेण. इतक्या जवळचा माणूस. 1892 साली जन्मला, कोल्हापूरला गेला, नाटकांचे पडदे रंगवण्याच्या कामाला लागला. बाबूराव पेंटरांनी तिथे स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, त्या खटाटोपात दामले त्यांच्या बरोबर होते. कॅमेरा विकत आणून नव्हे, घडवून! 1929 मध्ये व्ही. शांताराम, फत्तेलाल वगैरे भागीदारांबरोबर त्यांनी प्रभात ही चित्रपट कंपनी काढली. बोलपट आले तेव्हा ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनी अंगावर घेतली. आवाज कसा धरायचा हे शिकवणारी शाळा तेव्हा इथे नव्हती. करत गेले, चुकत गेले, शिकत गेले. पेणचा एक ब्राह्मण आणि कागलचा एक मुसलमान, ज्याला सगळे आदरानं साहेबमामा म्हणत, या दोघांनी मिळून महाराष्ट्राला तुकोबा दाखवले. 1936 च्या डिसेंबरात मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट लागला तो 57 आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात परक्या लोकांनी, ज्यांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, त्याला जगातल्या उत्तम चित्रपटांच्या पंक्तीला बसवलं. आणि मराठी बोलणाऱ्या, पेणच्या शेजारी राहणाऱ्या तुम्हाला तो दीडपट वेगानं बघायचाय.

विमान खोटं वाटतं म्हणता. भाद्रपदात पेणच्या कारखान्यांतून गणपती आणता ना? हत्तीचं मस्तक माणसाच्या धडावर बसतं कसं, असं तिथल्या मूर्तिकाराला विचारणारा मला अजून भेटायचा आहे. तुम्ही मूर्तीचे डोळे बघता. आखणी जमली की नाही, नजर जिवंत झाली की नाही, एवढंच बघता, आणि तेच बरोबर आहे. मग तीच नजर चित्रपट बघताना कुठे जाते? वैकुंठाला नेणारं विमान खरं कसं दिसणार? खरं वैकुंठ पाहून आलंय कोण?

शिवाय त्या विमानाकडे बघण्याच्या नादात खाली कोण उभं आहे ते तुम्ही पाहिलंच नाहीत. जिजाई, तुकारामाची बायको. तुकाराम तिला बरोबर चल म्हणतो आणि ती जात नाही. पोरं आहेत, घर आहे. हे काम गौरी नावाच्या नटीनं केलं. नाटक कंपन्यांत नाव कमावून आलेली ती बाई नव्हे. प्रभातमध्येच किरकोळ कामं करत करत ती वर आली. पोर आजारी पडतं तेव्हा ती एका हातानं त्याला ओढत आणि दुसऱ्या हातात चप्पल घेऊन देवळात शिरते, विठ्ठलाला जाब विचारायला. भक्तिपटात हे दाखवायला छाती लागते. तुकारामाच्या भक्तीइतकाच जिजाईच्या भुकेलाही या चित्रपटात मान आहे. तुमच्या घरोघरी जिजाया आहेत. बाप धाटावच्या कारखान्यातली पाळी संपवून यायच्या आत घर कोण उभं करतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही एकाच्याही कागदावर जिजाईबद्दल एक ओळ नाही. याचा मला खरा राग आहे. विमानाचं काय घेऊन बसलात!

मी काही 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतला नाही. या चित्रपटावर कठोर बोलता येतं आणि बोलावंही. चमत्कारांची रेलचेल आहे, त्यानं ज्यांच्या तोंडचे शब्द सत्तेला आणि शास्त्र्यांना झोंबले ते तुकोबा मवाळ होतात का? शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी नवं पद रचलं आणि लोक ते तुकोबांचंच समजू लागले, हे योग्य झालं का? गीता कपूर यांच्यासारख्या जाणकार समीक्षकांनी या चित्रपटावर गंभीरपणे लिहिलंय, कारण त्यांनी तो नीट पाहिलाय. असा एक प्रश्न जरी कुणी लिहिला असता तरी मी त्याची पाठ थोपटली असती, मग तो माझ्या मताच्या विरुद्ध का असेना. समीक्षेला माझी ना नाही. कुसळं वेचायची आणि त्यालाच अक्कल म्हणायचं, याला आहे.

आणखी एक ध्यानात घ्या. बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' 1920 चा. त्यातली चूक आज तुम्हाला काढता येणार नाही, कारण तो चित्रपटच आता उरलेला नाही. मूकपटांच्या काळातलं आपलं बहुतेक धन असंच गेलं. जे उरलंय ते पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात माणसांनी जपून ठेवलं म्हणून उरलंय, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं तेव्हा तुम्ही त्याच्यावर हसलात.

बसा आता. शनिवारी शाळा सुटल्यावर चित्रपट पुन्हा लावणार आहे. मोबाईल कार्यालयात जमा करून यायचं, आणि वेग वाढवा म्हणून कुणी हात वर करायचा नाही. सोमवारी प्रत्येकानं दोनच गोष्टी लिहून आणायच्या. पागनीस गाताना काय करत नाहीत, आणि चप्पल घेऊन देवळात शिरलेल्या जिजाईच्या चेहऱ्यावर कोणकोणते भाव येऊन जातात. दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं मला पहिल्या ओळीत कळतं, हे चौघांनी लक्षात ठेवावं.