आठ म्हणजे किती?

स्कॉटलंडहून आलेल्या भाच्याने येरमाळ्यात दोन हातांनी पेलायची चौदाफुटी गळाची काठी आणली. आमच्याकडे गळाला गांडूळ लावलं की झालं. याचं आमिष म्हणजे पिसांची खोटी माशी, वजन जवळजवळ शून्य. ती लांब जाते दोरीच्या वजनावर! काठीवर ८ लिहिलेलं. मी म्हटलं, "मग ८ नंबरची दोरी घे, विषय संपला."

"मामा, एकहाती काठीचा ८ वेगळा. त्या दोरीचे पहिले ३० फूट साडेतेरा ग्रॅम. दोनहातीला दुपटीच्या घरातली लागते, नाहीतर काठी वाकतच नाही."

बँकेत तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकवावं? आमच्या खातेवहीत ८ म्हणजे ८. येडाईच्या डोंगराखालचा कोरडवाहू असो की विहीरवाला बागायतदार, सारख्या कर्जाला हप्ता सारखा. यालाच मी न्याय समजत आलो. गेल्या आठवड्यात एक कोरडवाहू म्हातारा काउंटरवर म्हणाला, "सायेब, आकडा बरूबर हाय, पर मला उचलंना." मी तोच आकडा पुन्हा वाचून दाखवला. मोठ्याने. मला वाटलं, त्याला कमी ऐकू येतं.

"मामा, लक्ष कुठंय? काठी धरा."

धरली.

"एका हाताने नाही हो!"