डोंगर उतरलेली श्रद्धा

सिद्धेश्वरच्या धरणावर उभं राहिलं की समोर पूर्णेचं अडवलेलं पाणी दिसतं आणि त्याच्या कडेकडेने बुटक्या, उन्हाळ्यात पार करपून जाणाऱ्या टेकड्या. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे इथवर येता येता थकलेले आहेत. गिर्यारोहकाने मुद्दाम वाट वाकडी करून यावं असं इथे काही नाही. तरीही देव आणि डोंगर यांच्या नात्याबद्दल विचार करायला ही जागा मला फार योग्य वाटते. औंढा नागनाथ इथून जवळ, आणि नामदेवांचं नरसी याच हिंगोली जिल्ह्यात.

परंपरा सांगते की गोरोबाकाकांनी ज्यांना कच्चं मडकं ठरवलं, ते नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला आले. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजले होते. नामदेवांनी पाय काढायला सांगितलं, तेव्हा विसोबा म्हणाले, देव नाही अशी जागा दाखव, मी तिथे पाय ठेवतो. नामदेव पाय उचलून नेतील तिथे पिंड उगवू लागली. ही कथा आपण चमत्कार म्हणून ऐकतो. मला तिच्यात एका विचाराची सुरुवात दिसते. कष्टाने गाठलेल्या ठिकाणी पोचल्यावर, ते ठिकाणच देव नव्हे, हे कळणं. पण पोचल्याशिवाय ते कळत नाही, हेही तितकंच खरं.

ख्रिस्ती मंडळींमध्ये ‘साक्ष’ देण्याची रीत आहे. उपासनेत उभं राहून माणूस सांगतो, प्रभू मला कुठे आणि कसा भेटला. अलीकडे तरुणांच्या साक्षींमध्ये डोंगर वारंवार येतो. कुणी कळसूबाईच्या शिड्या चढताना दम तुटल्यावर प्रार्थना करायला शिकला, कुणाला हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर आयुष्याचा हेतू सापडला. या साक्षी मला खऱ्या वाटतात. छाती भात्यासारखी चालू लागली की माणसाची स्वतःबद्दलची फुशारकी आपोआप गळते, आणि जिथे फुशारकी गळते तिथे काहीतरी ऐकू येण्याची शक्यता असते. मोशेला सिनायवर आज्ञा मिळाल्या, एलीयाला होरेबवर हलका, मंद स्वर ऐकू आला. पण डोंगर नेमकं काय देतो आणि काय देत नाही, हे समजून घ्यायचं तर ज्या मराठी स्त्रीने या देशातले डोंगर अनवाणी तुडवले आणि मग ख्रिस्ताचा रस्ता धरला, तिच्याकडे जावं लागतं.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून भाऊबंदांशी वितुष्ट आलं, आणि त्यांनी डोंगरमाथ्यावर आश्रम बांधून राहणं पत्करलं. पुढे ते घरही सुटलं. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून, गड्याच्या डोक्यावरून त्यांना शिखरावरून खाली आणलं. आपली यात्रा अशी सुरू झाली, असं त्यांनीच पुढे लिहिलं. आयुष्याचा पहिला प्रवास चढण्याचा नव्हे, उतरण्याचा होता, ही गोष्ट मी त्यांच्या चरित्राचा विचार करताना कधी विसरू शकत नाही.

अनंतशास्त्रींची श्रद्धा सोपी आणि सरळ होती. तीर्थ जितकं दूर, वाट जितकी खडतर, तितकं पुण्य मोठं. सगळं कुटुंब पायी हिंडलं, देवळांत पुराणं सांगून पोट भरलं. मग दुष्काळ आला. तिरुपतीच्या बाजूच्या रानात त्यांनी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजुरांवर काढले. म्हाताऱ्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मोलमजुरी करतो, पण तुम्ही असं करू नका. 1874 मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, नंतर थोरली बहीण. सोळा वर्षांची रमा आणि तिचा भाऊ उरले, आणि तरीही ते चालत राहिले. इथे थांबून विचार करावासा वाटतो. ज्या यात्रेने आईवडील नेले, तीच त्यांनी पुढे चालवली. श्रद्धा तुटायला भूक पुरत नाही. भुकेपेक्षा वेगळं काहीतरी लागतं.

ते काय, हे त्यांच्याच आठवणींतून दिसतं. उत्तरेतल्या एका पवित्र तळ्यात सात डोंगर तरंगतात, आणि निष्पाप यात्रेकरू काठाशी आला की ते त्याच्याकडे सरकत येतात, अशी ख्याती होती. तळ्यात मगरी आहेत म्हणून कुणी उतरत नसे. श्रीनिवासने पहाटे, पुजाऱ्यांच्या नकळत, पाण्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन पाहिलं. तराफ्यांवर माती-दगड रचून झाडं लावली होती. मागे दडून पुजारीच ते तराफे ढकलत असत. भावंडांचा विश्वास त्या दिवशी एकदम संपला असं नाही, पण चालण्याचा अर्थ बदलला. काश्मीरकडे, झेलमच्या काठी, थंडीपासून जगण्यासाठी ते वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत. शरीराने एवढं सोसलं आणि वर कुणीच भेटलं नाही. 1878 मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोचली. विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, आणि त्या मात्र आतून रित्या होत होत्या.

अशा रितेपणाला पुष्कळजण नास्तिकता म्हणतात. मी म्हणत नाही. खोट्या डोंगरावरून हात सुटणं ही खऱ्या शोधाचीच पायरी आहे, आणि ती पायरी डोंगर चढल्याशिवाय आली नसती.

1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. पदरात लेक मनोरमा. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींकडे पोचल्या. लंडनच्या फुलहॅममध्ये या भगिनींचं एक आश्रयगृह होतं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळलं जात असे. अशा बायकांना कुणी आपणहून जवळ करतं, हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं आणि कारण विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी स्त्रीचा. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

त्या प्रसंगाबद्दल लिहिताना रमाबाईंनी भर दिला तो ख्रिस्ताच्या करुणेवर. मला त्याच अध्यायातली पुढची गोष्ट हलवून टाकते. विहिरीवरची ती बाई येशूला विचारते, आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करत, तुम्ही म्हणता यरुशलेममध्ये करावी, खरं काय? तो डोंगर गरीज्जीम. येशूचं उत्तर असं की वेळ येत आहे, तेव्हा पित्याची उपासना ना या डोंगरावर होईल ना यरुशलेमात. ती आत्म्याने आणि खरेपणाने होईल. दक्षिणेपासून हिमालयापर्यंत चाललेल्या स्त्रीला तिचा देव भेटला तो डोंगराचा हक्क काढून घेणाऱ्या पानावर. औंढ्यात नामदेवांना मिळालेलं उत्तर आणि हे उत्तर एक आहेत असं मी म्हणणार नाही. दोन परंपरांचे अर्थ वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. पण दोन्हीकडे चालून आलेल्या माणसालाच ते उत्तर मिळालं.

युरोपातही हा विचार असाच वळत गेला. 1336 मध्ये कवी पेत्रार्क मॉन व्हाँतू चढला, वर ऑगस्टीनचं पुस्तक उघडलं, आणि माणसं पर्वतांचं कौतुक करतात पण स्वतःकडे पाहत नाहीत या अर्थाची ओळ नजरेला पडून अंतर्मुख होऊन उतरला. आपल्याकडे नारायण वामन टिळकांना तर डोंगराची गरजच पडली नाही. 1893 मध्ये नागपूर-राजनांदगाव प्रवासात, आगगाडीच्या डब्यात, एका अनोळखी युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मात्र बाप्तिस्म्यानेही रमाबाईंचा शोध संपला नाही. आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. इतक्या प्रामाणिकपणे हे लिहिणारं माणूस विरळा. काही वर्षांनी लोणावळ्याला प्रार्थना शिबिर भरलं, तेव्हा एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. पुन्हा घाटमाथा, पुन्हा रान, जन्माच्या वेळी होतं तसंच. पण आता मागणं स्वतःच्या पुण्याचं नव्हतं. ख्रिस्ताकडे आलेल्या पंधरा मुली सोबत होत्या. पंधराचा वर्ग व्हावा, दोनशे पंचवीस व्हाव्यात, असं त्यांनी मागितलं.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. डोंगरावर येशूचं रूप पालटलं, तेव्हा पेत्राला वाटलं इथेच तीन मंडप घालून राहावं. येशू त्याला घेऊन खाली उतरला, आणि खाली एक बाप आपल्या झटके येणाऱ्या मुलाला घेऊन उभा होता. मी हा प्रसंग रमाबाईंच्या लोणावळ्याशेजारी ठेवून वाचतो. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि त्या तिकडे निघाल्या. आपली जुनी उपासमार त्यांना आठवत होती, असं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. तीनशे मुली वाचवायच्या, असं देवाने मनात घातल्याचं त्यांनी सांगितलं. ज्या पायांनी तीर्थं केली त्याच पायांनी त्या दुष्काळी छावण्या हिंडल्या. कुठल्या मुलीच्या डोळ्यांत किती दिवसांची भूक आहे, हे ओळखायला त्यांना दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. तिरुपतीच्या रानातले ते अकरा दिवस वाया गेले नव्हते.

केडगावच्या सपाट माळावर मुक्तिसदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या घरात माणसं होती. तिथे विणकाम होतं, शेती होती, अंधांसाठी शिक्षण होतं, आणि फुलहॅममध्ये पाहिलं होतं तसं, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होतं. छापखानाही होता, आणि तो बायका चालवत. शेवटची कित्येक वर्षं रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. पंडिती भाषेत नव्हे, शेतात राबणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या त्याआधी ते काम पुरं झालं होतं. फुलहॅममध्ये त्यांना इंग्रजीतून वाचून दाखवलेला शोमरोनी स्त्रीचा अध्याय त्यात आहे, गरीज्जीमच्या डोंगरासकट.