अंगणातील समाधी : पाळीव प्राण्याच्या स्मृतिबागेविषयीच्या शंका

शंका : कुत्रा, मांजर, गाय किंवा बैल यांच्यासाठी घराच्या आवारात समाधी करणे, तिच्याभोवती बाग लावणे धर्माला धरून आहे का?

समाधान : प्राण्याच्या स्मारकाला शास्त्राचा विरोध नाही, आणि परंपरा तर उघडपणे त्याच्या बाजूची आहे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आहे. वारकरी तिच्यापुढे माथा टेकतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या या लाडक्या कुत्र्याचे स्मारक आहे. याहून जुना दाखला कर्नाटकातील आतकूरच्या शिलालेखाचा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील, शके ८७२ च्या या लेखात रानडुकराशी झुंजताना मेलेल्या काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची हकिगत कोरलेली आहे. त्याच्या धन्याने देवळासमोर दगड उभारला आणि त्यासाठी जमीनही लावून दिली. रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाचा दाखला मात्र अशा वेळी देऊ नये. त्यामागील कथेच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत वाद आहे, आणि मुद्दा सिद्ध करण्यासाठी त्याची गरजही नाही.

महाभारतातील महाप्रस्थानिक पर्वाची कथा या संदर्भात हमखास सांगितली जाते. कुत्र्याला मागे सोडून स्वर्गात येण्यास युधिष्ठिर नकार देतो आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचे उघड होते. कथा समर्पक आहे, पण ती नीट वाचावी. युधिष्ठिराने कुत्र्याचे स्मारक केले नाही. आश्रयाला आलेल्याला जिवंतपणी टाकले नाही. म्हातारपणी ज्याला गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा गॅलरीत एकटे ठेवले, त्याच्यासाठी नंतर संगमरवर आणण्यात अर्थ उरत नाही.

शंका : घरातले कुत्रे किंवा मांजर गेल्यास सुतक पाळावे का? देवपूजा बंद ठेवावी का?

समाधान : नाही. अशौच हे सपिंड, समानोदक अशा मानवी नात्यांवर ठरते. देह बाहेर नेल्यावर जागा धुवावी, स्नान करावे आणि नित्याची पूजा चालू ठेवावी. मन लागत नाही म्हणून त्या वर्षी सण साधेपणाने करणे हा घरातल्यांच्या भावनेचा भाग आहे. त्याला सुतक म्हणू नये.

शंका : मांजर घरात मेले तर दोष लागतो, शांती करावी लागते, असे सांगितले जाते. ते खरे का?

समाधान : स्मृतिग्रंथांत मांजराच्या वधासाठी प्रायश्चित्त सांगितलेले आहे. वध म्हणजे मारणे. आजाराने किंवा वयाने आलेल्या मरणाला ते लागू होत नाही. दुःखात असलेल्या घराला भीती घालून शांती करायला लावणे अनुचित आहे.

शंका : असाध्य दुखण्यात डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन मरण आणले. ही हत्या नव्हे का? मग त्याच प्राण्याची समाधी करणे ढोंग ठरत नाही का?

समाधान : स्मृतिबागेविषयीच्या सगळ्या शंकांत ही सर्वांत जड आहे. रोप लावताना अनेकांच्या मनात हीच टोचणी असते आणि ती बोलून दाखवली जात नाही. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तडफडत होते. उपाय उरला नव्हता. गांधीजींनी डॉक्टरांकरवी त्याला इंजेक्शन देऊन मरण दिले आणि ‘नवजीवन’मध्ये त्याविषयी जाहीर लिहिले. देशभरातून संतापाची पत्रे आली. त्यांची भूमिका अशी होती की हिंसा हेतूवर ठरते. स्वतःचा राग, लोभ किंवा सोय यांसाठी जीव घेणे ही हिंसा आहे. दुसऱ्याची वेदना संपवण्याचा अन्य मार्ग नसताना जीव घेणे तिच्यात मोडत नाही. याउलट अनेक जैन आणि वैष्णव परंपरा सेवा करीत नैसर्गिक मरणाची वाट पाहणेच योग्य मानतात, आणि ती भूमिकाही आदराची आहे.

दोन्ही बाजू पाहता कसोटी एकच राहते : निर्णय कोणाच्या वेदनेसाठी झाला? प्राणी खात नाही, उठू शकत नाही, वेदनाशामकाने आराम पडत नाही आणि बरे होण्याची आशा नाही असे पशुवैद्याने सांगितले असेल, तर तो निर्णय दयेचाच आहे. प्रायश्चित्ताचे कारण नाही आणि समाधी करण्यात ढोंगही नाही. केवळ खर्च किंवा त्रास टाळण्यासाठी बऱ्या होऊ शकणाऱ्या जिवाला संपवले असेल, तर मात्र बागेने ते भरून येत नाही.

शंका : दहावा, तेरावा किंवा वर्षश्राद्ध करावे का?

समाधान : श्राद्धात नाव आणि गोत्र उच्चारून पिंड दिला जातो. प्राण्याला गोत्र नाही, त्यामुळे माणसाचा विधी जसाच्या तसा उचलून त्याच्यावर घालण्याला आधार नाही. पण धर्माने प्राण्यांना वगळलेले नाही. तर्पणात ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांच्या तृप्तीची भावना केली जाते. वैश्वदेवात भूतयज्ञ येतो. गोग्रास, काकबली आणि श्वानबली यांत गाय, कावळा व कुत्रा यांचा वाटा जेवणाआधी बाजूला काढला जातो. संतचरित्रांत तर हा भाव ठायी ठायी दिसतो. कोरडी पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. रामेश्वरासाठी नेलेले गंगाजल एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजले.

म्हणून गेलेल्या प्राण्याच्या तिथीला अन्नदान करावे, आणि तेही प्राण्यांनाच. पांजरपोळाला चारा द्यावा, गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालावे, एखाद्याच्या लसीचा किंवा नसबंदीचा खर्च उचलावा. बैल गेला असेल तर बेंदूर किंवा पोळ्याच्या दिवशी शेजारच्या बैलजोडीला घास भरवणे शेतकरी घराला सहज जमते.

शंका : आवारात पुरल्याने त्याचा जीव तिथेच घुटमळतो का?

समाधान : पुनर्जन्म मानणाऱ्या परंपरेत जीव देहाला चिकटून राहत नाही. तो पुढे जातो आणि मातीत उरते ती माती. भागवतातील भरत राजाची कथा वेगळीच सूचना देते. हरणाच्या पाडसात मन गुंतल्याने त्याला स्वतःलाच पुढचा जन्म हरणाचा मिळाला. गुंततो तो मागे राहिलेला. समाधीपाशी दिवा लावणे, फूल वाहणे योग्य आहे. तिथेच दिवस काढणे, घरातल्या दुसऱ्या प्राण्याकडे किंवा माणसांकडे पाठ फिरवणे योग्य नाही.

शंका : पुरताना कोणती काळजी घ्यावी?

समाधान : जागा स्वतःच्या मालकीची असावी आणि स्थानिक पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा नियम आधी विचारून घ्यावा. विहीर, बोअर आणि ओढा यांपासून शंभर फुटांचे अंतर ठेवलेले बरे. कोकणासारख्या भागात पावसाळ्यात पाणी वर येते, तिथे उंचवट्याची जागा निवडावी. लहान प्राण्यालाही तीन ते चार फूट खोल खड्डा हवा. भटकी कुत्री उकरू नयेत म्हणून वर काही काळ जड दगड ठेवावेत. देह सुती कापडात गुंडाळावा. प्लास्टिक किंवा नायलॉनचा पट्टा आत जाऊ देऊ नये. खड्ड्यात मीठ टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, परंतु त्यावर बाग लावायची असेल तर मीठ टाळावे, कारण त्याने जमीन खारवते. इंजेक्शनने मरण दिले असेल तर खोलीची काळजी दुप्पट घ्यावी. काही औषधांचा अंश देहात दीर्घकाळ टिकतो आणि तो देह उकरून खाणाऱ्या प्राण्याला मारक ठरू शकतो. रेबीजचा संशय असेल तर घरी पुरण्याचा विचारच सोडावा आणि पशुवैद्याला व पालिकेला ताबडतोब कळवावे.

शंका : कोणते झाड लावावे? समाधीवर तुळस चालते का?

समाधान : तुळस चालते. समाधीस्थळी वृंदावन बांधण्याची चाल महाराष्ट्रात जुनीच आहे. मात्र देवघरासमोरची पूजेची तुळस उचलून तिथे नेऊ नये, नवे रोप लावावे. पारिजातक, बकुळ, अनंत, मोगरा आणि चाफा ही सुवासिक झाडे योग्य आहेत. वड आणि पिंपळ पवित्र असले तरी भिंतीजवळ नकोत. घरात दुसरा प्राणी असेल तर कण्हेर, बिट्टी, सायकस आणि कळलावी कटाक्षाने टाळावीत, कारण ती विषारी आहेत. लिली मांजराच्या मूत्रपिंडाला इतकी घातक आहे की तिचे परागकण चाटूनही जीव जाऊ शकतो. एका मांजराच्या आठवणीने दुसऱ्याचा घात होऊ नये.

रोप लावण्याची घाई करू नये. देह कुजताना जमीन खचते आणि कोवळी मुळे जळतात. एक पावसाळा जाऊ द्यावा, किंवा रोप खड्ड्याच्या कडेला लावावे.

शंका : फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करावे?

समाधान : सोसायटीची बाग सामाईक असते, परवानगीशिवाय तिथे पुरणे हा इतरांवर अन्याय आहे. दहन हा मार्ग मोकळा आहे. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनव्यवस्था सुरू केली. राख कुंडीत घालता येते, पण सगळी एकदम नाही. राख क्षारयुक्त असते आणि मुळांना जाळते. चिमूटभर राख भरपूर माती व शेणखतात मिसळावी, उरलेली नदीत न सोडता एखाद्या मोठ्या झाडाच्या आळ्यात पसरून मिसळावी.

शंका : घर विकावे लागले तर समाधीचे काय?

समाधान : अवशेष उकरून हलवण्याची गरज नाही. समाधीजवळची ओंजळभर माती आणि झाडाचे कलम किंवा बी नव्या घरी न्यावे. नव्या मालकाला जागा दाखवून तिथे काय आहे ते स्पष्ट सांगावे, म्हणजे पुढे पाया किंवा बोअर खणताना त्याला अडचण येणार नाही. झाड राखण्याची विनंती करावी. तो राखेलच असा आग्रह मात्र धरता येत नाही.