नोंदवहीतील एकटा रुग्ण

झाशी म्हटले की मराठी मनाला राणी लक्ष्मीबाई आठवते, आणि ख्रिस्ती मनाला तेथील संत ज्यूड यांचे तीर्थमंदिर. सर्व उपाय थकलेल्यांचा कैवारी म्हणून या संताकडे लोक दुरून येतात. मला मात्र आज झाशी आठवते ती एका हिशेबामुळे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २० लाख. लाखात एकालाच होणारा नेत्ररोग घेतला, तर साऱ्या जिल्ह्यात त्याचे रुग्ण वीसच भरतील. तेथील नेत्रतज्ज्ञाला उभ्या आयुष्यात त्यांतील दोघे-तिघे भेटले तरी पुष्कळ. तेवढ्यांवरून रोगाची चाल कशी उमगावी?

म्हणून नोंदी एकत्र कराव्या लागतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१० पासून रुग्णांची माहिती संगणकावर ठेवण्यास आरंभ केला. आठ वर्षांत २० लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी जमल्या. जणू अवघा झाशी जिल्हाच तपासून झाला! रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकारात आधी रातांधळेपणा येतो, मग कडेचे दिसेनासे होऊन नळीतून पाहावे तशी दृष्टी उरते. अशा विकारांचे अभ्यास या नोंदींतून प्रसिद्ध झाले आहेत.

परंतु रुग्णाने आपली व्यथा सांगितली ती स्वतःच्या डोळ्यांसाठी. ती दुसऱ्याच्या कामी लावण्याचा अधिकार कोणाला? शिरगणती केल्याबद्दल दाविदाला शासन झाले हे आपण जाणतो. पण ती गणना राजाच्या बळासाठी होती. येथे ती अनोळखी शेजाऱ्यासाठी आहे. रुग्णाला आज वैद्याकडून जे उत्तर मिळते, तेही पूर्वीच्या कोणा रुग्णाच्या दुखण्यातूनच आलेले असते. तेव्हा नोंदी वापराव्यात, असेच माझे मत आहे.

'नाव गाळले की झाले,' असे यावर सांगण्यात येते. मोतीबिंदूच्या हजारो रुग्णांत ते खरेही आहे. दुर्मिळ रोगात मात्र रोग हेच नाव होऊन बसते. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घराणी आहेत. समजा, अशाच एका घरातील नऊ वर्षांची मुलगी, आईवडील नात्यातले, आणि विकार जिल्ह्यात वीस जणांचा. नोंदीत नाव नसेना का, सारी गल्ली तिला ओळखील. उद्या तिच्या थोरल्या बहिणीची सोयरीक मोडेल ती या निनावी ओळीमुळे.

मग सगळ्याच खुणा पुसाव्यात काय? तेही तिच्या हिताचे नाही. आरपीई६५ या जनुकातील दोषामुळे येणाऱ्या अंधत्वावर २०१७ साली अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली. दृष्टिपटलात जिवंत पेशी उरल्या असतील तरच तो उपयोगी पडतो. (किंमत दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर! तो अन्याय स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) असा उपाय कधी आपल्या आवाक्यात आला, तर त्या मुलीला वेळेत बोलावणार कसे? नावाबरोबर परतीची वाटही पुसली गेलेली असेल.

म्हणून नावाच्या जागी संकेतांक असावा, आणि त्याची किल्ली उपचार करणाऱ्या रुग्णालयाबाहेर जाऊ नये. छापताना गाव-जिल्हा सांगू नये, नेमके वयही नको. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने संशोधनाला काही अटींवर सूट ठेवली आहे. पण कायद्याने सोडले म्हणून विवेकाने सोडले असे होत नाही. आईवडिलांना त्यांच्या भाषेत विचारावे: ही माहिती इतरांसाठी वापरू का? काही निघाले तर तुम्हाला कळवू का? आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की तिला पुन्हा विचारावे. तोवर कदाचित तिला तो कागद दिसत नसेल. तेव्हा तो तिच्याजवळ बसून, सावकाश, मोठ्याने वाचून दाखवावा लागेल.