शांतता, आणि आपण

एक श्वास घ्या. सावकाश. घाई नाही.

समोर रंगमंच आहे. त्यावर एका गावातला हॉल. दाराला एक कडी.

त्या कडीकडे जरा पाहा. नाटक सुरू होतं तेव्हा लीला बेणारेचं बोट तिच्यात चिमटलेलं असतं.

बोट दुखतंय. इतकंच.

थांबा इथे.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ने ते रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारे झाल्या सुलभा देशपांडे.

आता मंडळी जमतात. रात्री अभिरूप न्यायालयाचा प्रयोग आहे. वेळ काढायचाय. गावच्या सामंतांना कोर्ट कसं चालतं ते दाखवायचंय. चला, एक लुटुपुटूचा खटला भरू. आरोपी बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा.

अभिरूप. लुटुपुटूचा. नुसता खेळ.

हे शब्द कानावर येऊ द्या.

खेळ म्हटलं की आपल्याला आठवतं, अरे, आपण नाटक बघतोय. पाठ खुर्चीला टेकते. खांदे सैल पडतात.

तुमचे खांदे आत्ता कसे आहेत? पाहा. श्वास सोडा.

आता बेणारेचे खांदे पाहा.

ते सैल नाहीत. साक्षी एकेक पुढे येतात आणि तिच्या खऱ्या आयुष्यातलं गुपित खेळातल्या पुराव्यासारखं मांडलं जातं. ती दाराकडे जाते. दार उघडत नाही. कडी बाहेरून लागलीय.

त्या बंद दाराशी थोडं राहा.

आत खेळ चालू आहे. सगळे तेच म्हणतायत, अगदी मायेने म्हणतायत. या नाटकात मला सर्वांत निर्दय वाटतो तो हाच शब्द. प्रत्येक घाव त्याच्या आडून बसतो.

आणि मग ती आरोळी येते. शांतता!

ऐका. कोर्टातली कुजबुज थांबते.

प्रेक्षागृहातलीही थांबते. तुमच्या घशातला खोकला घशातच राहतो. आरोळी रंगमंचावरची, पण गप्प तुम्हीही बसता. हे नाटक आहे याची आठवण होते, आणि त्याच क्षणी तुम्ही त्या कोर्टात बसलेले असता.

श्वास घ्या. कुठे अडकतोय तो? तिथेच थांबा. उत्तर शोधू नका.

निकाल लागतो. मंडळी तिला समजावतात की हा खेळच होता. रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात.

हे नाटक पुन्हा लागलं तर जरूर जा. ‘खेळ’ हा शब्द कोण उच्चारतं आणि तेव्हा कोणाचा आवाज बंद झालेला असतो, तेवढं मात्र ऐका.