आईला दुसरं नाव

घरातलं लिहायला बसलेल्या लेखकाला आधी नावांचा प्रश्न सोडवावा लागतो. आई आईच म्हणून पुस्तकात येणार, की तिला दुसरं नाव द्यायचं? आत्मकथन की कादंबरी हा वाद समीक्षक मागाहून घालत बसतात. लेखकाच्या वहीत त्याचा निकाल पहिल्याच पानावर लागलेला असतो.

वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर बाहेरच्यांना माहीत असतं ते अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे. नामदेव कांबळे याच गावचे, पेशाने शिक्षक. त्यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला 1995 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘राघववेळ’आधीच्या पंधरा-सतरा वर्षांत ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ ही आत्मकथनं येऊन गेली होती. दलित लेखक म्हटला की तो ‘मी’पासूनच सुरुवात करणार, हे वाचकांनी जणू धरूनच ठेवलं होतं. कांबळे कादंबरीकडे वळले. कुणाला हे अंग चोरणं वाटेल. मला ते अधिक जोखमीचं वाटतं.

‘मी’ची मर्यादा कळायला आनंद यादवांची आत्मचरित्रपर ‘झोंबी’ पाहा. कागलचा पोरगा, शाळा सुटलेली, बाप मळ्यातून हलू देत नाही. शेवटी माय-लेक गावातल्या देसायांच्या वाड्यावर जातात. देसायांनी बापाला बोलावून दटावावं, पण आपण येऊन गेलो हे मात्र त्याला कळू देऊ नये, एवढंच मागणं. पुढे बाप मान तुकवतो तोही अटी घालूनच: शाळेआधी मळ्यातलं काम, शाळा सुटल्यावर जनावरं. हा प्रसंग इतका खरा उतरतो, कारण पोरगा तिथे हजर होता. पण नवऱ्याच्या पाठीमागे वाड्यावर जायचं ठरवताना, त्या बाईच्या पोटात काय कालवलं असेल? ‘मी’ला तिथे प्रवेश नाही. तो फार तर अंदाज करील, आणि प्रामाणिक लेखक तिथे बोलताना हात आखडता घेतो.

अमरावतीकडच्या उद्धव शेळक्यांनी ‘धग’ या कादंबरीत (1960) नेमकी हीच अडचण ओलांडली. घर शिंप्याचं, बोली वऱ्हाडी, नवरा महादेव कर्तेपणात उणा, आणि कौतिक जावा-दिरांतून बाहेर पडून माहेरच्या गावी संसार मांडायचा हट्ट धरते. तिचा मुलगा नामा पुस्तकात आहे, पण कौतिक आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसत नाही. ती आई असण्याआधी एक हिशेबी, तापट, थकलेली बाई आहे, आणि तिची चूकही आपल्याला तिच्याच बाजूने कळते. आपल्या आईबद्दल मुलगा असं लिहायला धजला असता का? उपकाराखाली दबलेला मुलगा आईला चुकू देत नाही. नाव बदललं की ती मुभा मिळते.

किंमत मात्र मोजावी लागते. आत्मकथनातली भूक नाकारायची कुणाची छाती नसते. कादंबरीतल्या भुकेला ‘लेखकाने रंगवली’ म्हणून मोकळं होता येतं. गावकुसाबाहेरच्या घरांवर लिहिणाऱ्याला हे जास्तच बोचतं, कारण त्या घरांचं खरंखोटं ठरवायला बाहेरचे टपलेलेच असतात. तरीही कादंबरी निवडायची, म्हणजे ‘हे माझ्यावर गुदरलं’ या एका वाक्याचा आधार सोडून द्यायचा. ‘राघववेळ’ त्या आधाराशिवाय उभी राहिली म्हणून मला तिचं अप्रूप.

यादवांचा क्रम तर आपल्या समजुतीच्या उलटा आहे. लेखक आधी घर सांगून मोकळा होतो, मग कल्पनेकडे जातो, असं आपण मानतो. यादवांनी 1971 साली ‘गोतावळा’ ही कादंबरी लिहिली. मळा ओळखीचाच, पण बोलतो तो नारबा नावाचा गडी. यांत्रिक शेती आल्यावर ज्या जनावरांना तो गोतावळा मानत आला, ती एकेक करून त्याच्यापासून तुटतात. स्वतःच्या नावाने लिहिलेली ‘झोंबी’ यायला 1987 उजाडलं. मग ‘नांगरणी’, ‘घरभिंती’, ‘काचवेल’ अशी रांगच लागली. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून बोलून हात बसला होता, म्हणून ‘झोंबी’तला बाप नुसता खलनायक होत नाही. ऐन पंचविशीत लिहिली असती, तर त्याची खैर नव्हती.